दारू सुटली, आता चकण्याचं काय करायचं?

दारू सोडून मला सातवा आठवडा लागला होता. रविवार, सकाळचे साडेअकरा. बायकोने तव्यावर सुकट भाजायला टाकली होती आणि मी बाहेर पेपर चाळत बसलो होतो. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी उठलो, खुंटीवरचा शर्ट चढवला, पाकीट खिशात टाकलं, चपलेत पाय सरकवले. लेकीने विचारलं, "पप्पा, कुठे निघालात?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दारू प्यावी असं मनात आलंच नव्हतं, शपथेवर सांगतो. पाय मात्र निघाले होते. इतकी वर्षं सुकटीचा वास आला की खाली उतरायचं आणि क्वार्टर घेऊन वर यायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

दारू सोडणाऱ्यांच्या बुधवारच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तर कोणी हसलं नाही. एकाने सांगितलं, त्याला एसटी स्टँडवरची गरम शेंगदाण्याची पुडी चालत नाही. दुसऱ्याला मसाला पापड. एक काका म्हणाले, "मला बाबा नुसतं चिरलेलं लिंबू." ज्यांनी नुकतीच सोडली आहे, महिना-दोन महिने झालेत आणि दारूच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाता येतं पण ताटावर बसलं की जीव कासावीस होतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट. तुम्ही अजून रोज पीत असाल आणि उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवलं असेल, तर आधी डॉक्टर गाठा. रोजच्या जास्त पिणाऱ्याने अचानक थांबवलं की हात कापणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येण्यापर्यंत आणि भ्रम होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि पहिले तीन-चार दिवस त्यासाठी जोखमीचे असतात. त्यात जीवही जातो. खाण्यापिण्याचं सगळं त्यानंतर.

पायरी १: आपला चकणा कागदावर लिहा

'तळलेलं-खारट टाळा' असा सल्ला कोणीही देईल. तो फारसा कामाचा नाही, कारण प्रत्येकाचा चकणा वेगळा. मी वहीत लिहिलेली यादी अशी होती: भाजलेली सुकट आणि सुके बोंबील. उकडलेलं अंडं, उभं चिरून, वर तिखट-मीठ. मसाला पापड, पण बारीक कांदा आणि लिंबू असेल तरच. आणि शेवटी, स्टीलच्या छोट्या ताटलीतलं काहीही.

ही शेवटची ओळ लिहायला मला चार दिवस लागले. घरात एक काठ चेपलेली ताटली होती, माझी 'बसायची' ताटली. तिच्यात काकडी ठेवली तरी तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते काकडीसाठी नव्हतं. ती ताटली आता तुळशीच्या कुंडीखाली आहे.

म्हणून यादी करताना पदार्थाच्या नावावर थांबू नका. किती वाजता, कुठे बसून, कशात वाढलेलं, टीव्हीवर काय चालू होतं, सोबत कोण होतं, हे सगळं लिहा. पावलोव्हच्या कुत्र्याचं आपण शाळेत शिकलो. खाण्याबरोबर रोज घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. आपली घंटा म्हणजे चकणा. शेंगदाण्यात नशा नाही, पण त्याच्या पाठोपाठ हजारो वेळा घोट गेलाय, आणि मेंदूने ती जोडी पक्की करून ठेवली आहे. वर मिठाने तहान लागते ते निराळंच. परमिट रूममध्ये टेबलावर खारे दाणे न मागता येतात ते काय प्रेमापोटी?

पायरी २: पहिले तीन महिने यादीतले जिन्नस घरात नकोत

कायमचे नाहीत, तीन महिने. बोलणं सोपं आहे, पण ताटात काय येणार हे बहुतेक घरांत पिणारा ठरवत नाही. माझी आई म्हणाली, "अरे, खाण्यात कसली आलीय दारू?" तिचंही बरोबर. आणि ज्या माणसाने इतकी वर्षं घराला नाचवलं, त्याने आता 'हे करू नका, ते आणू नका' म्हणून हुकूम सोडायचे, हेही बरं दिसत नाही.

मी बायकोला यादी दाखवली आणि विचारलं, मी घरात नसताना सुकट भाजून डब्यात भरून ठेवशील का? वासाचाच प्रश्न होता. ती तयार झाली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे १९८६ पासून चालू आहे, पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. अल-अॅनॉनच्या सभाही घरच्यांसाठीच असतात. घरातल्या बाईने तिथे एकदा जाऊन आलं की या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुमचं नाक का घाबरतं ते ती दुसऱ्या बायकांकडून ऐकून येते.

शाकाहारी मंडळींनी 'आमचं बरंय' म्हणू नये. फुटाणे, तळलेली चणाडाळ, शेव, फरसाण यांनी पाडलेली माणसं मी सुकटीने पाडलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

पायरी ३: साडेपाचला पोटभर खा

बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे धरून ठेवा.

संध्याकाळी सहा ते आठ या वेळात जी तलफ येते ना, तिच्यातली निम्मी नुसती भूक असते. हा माझा हिशेब, शास्त्रज्ञांचा नव्हे. पण मीटिंगमध्ये जुने लोक नव्याला पहिल्या दिवशी चार गोष्टी सांगतात, भुकेला राहू नको, रागात राहू नको, एकटा राहू नको, दमून जाऊ नको, आणि त्यात भूक पहिली येते ती उगाच नाही.

पिणाऱ्याच्या शरीराला भूक ओळखताच येत नाही. वर्षानुवर्षं संध्याकाळची भूक आपण दारूने भागवली. आकडा बघा: १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे ४०० हून जास्त कॅलरी नुसत्या पेल्यातून. चार पोळ्यांचा ऐवज झाला. तो एका दिवशी बंद झाला की शरीर ओरडणारच, आणि त्याला ओरडायला एकच शब्द माहीत आहे. पोट जळतं, हात थरथरतो, चिडचिड होते, आपण म्हणतो 'तलफ आली'. दोन पोळ्या खाऊन बघा. बऱ्याचदा ती जाते.

काय खायचं? फॅन्सी काही नाही. दुपारची उरलेली भाजी-भाकरी, थालीपीठ आणि दही, मुगाची उसळ, उपमा, काहीच नसेल तर चहा-चपाती आणि एक केळं. पोटात बराच वेळ टिकेल असं हवं. वडापावने भागतं, पण तासाभरात पुन्हा रिकामं वाटतं. नोकरीवाल्यांनी दुसरा छोटा डबा न्यावा आणि लोकलमध्ये चढायच्या आधी संपवावा. माझ्या स्टेशनाबाहेर पडलं की उजव्या हाताला बार आहे. भरल्या पोटाने तो नुसता एक बोर्ड असतो.

रात्रीचं जेवणही लवकर. पिणारं घर अकराला जेवतं, म्हणजे बाकीचे आठला जेवतात आणि आपला भात झाकून ठेवलेला असतो. आठला सगळ्यांबरोबर ताटावर बसायला लागलो तेव्हा माझ्या धाकट्याला एवढं नवल वाटलं की पहिले काही दिवस तो जेवायचा कमी आणि माझ्याकडे बघायचा जास्त. पोट भरून हात धुतले की पिण्याची इच्छा निम्म्याने मरते, हे प्रत्येक पिणाऱ्याला माहीत असतं. म्हणूनच तर आपण जेवण पुढे ढकलायचो.

गोडाचं काय? पहिल्या काही महिन्यांत गोड खावंसं फार वाटतं. मला मध्यरात्री गूळ लागायचा. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं तेव्हापासून दारू सुटलेल्याच्या खिशात गोळ्या-चॉकलेट असणं ही जुनीच चाल आहे, आणि आपल्याकडच्या मीटिंगमध्येही चहा-बिस्किटाशिवाय पान हलत नाही. खा. पहिल्या तीन महिन्यांत वजनाची चिंता करू नका, ती नंतर करता येते. फक्त मधुमेह असेल, लिव्हर किंवा स्वादुपिंड बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारून.

पायरी ४: तोंडाला नेमकं काय हवंय?

चकण्यात चार सुखं असतात. कुरकुरीत, खारट, आंबट, झणझणीत. ती जिभेची आहेत, दारूची नाहीत, ती सोडायचं कारण नाही. पण भांडं बदला, वेळ बदला. कोकम सरबत, जिरं-मिरची घातलेलं ताक, सोलकढी, आल्याचा कडक चहा, कैरीची फोड. कच्चं गाजर कडाकडा चावलं की दातांची हौस फिटते.

दोन इशारे. बर्फ, लिंबू आणि सोडा काचेच्या ग्लासात घेऊन हातात धरलात, तर हाताला बाकीचं आठवतं. काही जणांना चालतं, मला नाही. मी ताक पितो ते स्टीलच्या फुलपात्रातून. आणि ती 'झिरो' बिअर. बाटली तशीच, कडवटपणा तसाच, फेस तसाच, काहींत थोडं अल्कोहोलही असतं. ज्याला कधीच त्रास नव्हता त्याने खुशाल प्यावी. आपण नव्हे. यावर माझ्याशी वाद घालणारे तिघे होते, तिघेही नंतर परत पहिल्या दिवसापासून मोजायला बसले.

पायरी ५: तरीही तलफ आली तर

जागा सोडा. स्वयंपाकघरात उभं राहून वासाशी कुस्ती खेळू नका. गॅस बंद करायला सांगा, गॅलरीत जा, दात घासा (टूथपेस्टच्या चवीवर दारू भयंकर लागते, हे शरीराला ठाऊक असतं), तोंडात गूळ किंवा लिमलेटची गोळी टाका, आणि फोन लावा. कोणाला, ते आधी ठरलेलं हवं. ऐन वेळी नंबर शोधायला लागलात तर बोट दुसऱ्याच नावावर पडतं. घड्याळ लावून वीस मिनिटं काढा. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. ती चढत असताना वाटतं की ही आता थांबणारच नाही. थांबते.

फोन करायला कोणीच नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

पायरी ६: ताटात लपलेली दारू

हे थोडक्यात, पण डायसल्फिरामच्या, म्हणजे दारूपासून लांब राहण्यासाठी डॉक्टर देतात त्या गोळ्या चालू असतील तर दोनदा वाचा. या गोळ्या दारू पचवण्याची साखळी मधेच अडवतात, त्यामुळे थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. त्यामुळे खोकल्याचं औषध, माउथवॉश, आसवं आणि अरिष्टं यांचं लेबल वाचा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही औषधं आंबवूनच तयार होतात आणि त्यांत मुळातच अल्कोहोल असतं. कोणतं चालेल ते डॉक्टरांनाच विचारा, व्हिनेगर-सॉसचंही.

बाकी: नाताळचा रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक, रम-रेझिन आइस्क्रीम, गोव्याकडे काही घरांत फेणी घातलेलं सोरपोतेल. 'शिजवताना उडून जातं' हे अर्धसत्य आहे. अर्धा तास शिजवल्यावरही घातलेल्या अल्कोहोलपैकी साधारण एक तृतीयांश शिल्लक राहतं. नीरा पहाटेची ताजी असेल तर ठीक, पण ऊन चढलं की ती आंबून ताडी व्हायला लागते. आपण तिच्या नादाला न लागलेलं बरं. इडली-डोशाचा मात्र बाऊ करू नका. आंबवलेलं म्हणजे सगळं दारू नव्हे.

आणि घरच्यांना हात जोडून सांगणं. 'त्यांना न कळू देता भाजीतून द्या, दारू सुटेल' अशा पुड्या विकणारे गावोगाव आहेत. त्यात काय असतं कोणाला माहीत. आत डायसल्फिराम असेल आणि माणूस वरून प्यायला, तर जिवावर बेतेल. शिवाय एकदा कळलं की तो माणूस घरचं अन्न संशयाने खायला लागतो, आणि बाहेर खायला लागला की संपलंच.

पायरी ७: गटारी, हळद, पोपटी

आम्ही अलिबागकडचे. आमच्याकडे थंडीत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. मडकं तासाभरात तयार होतं, पण त्या तासात बाटल्या फिरतात. हळदीलाही तेच. मटण तयार असतं, पण पुरुषांची पंगत अकराशिवाय बसत नाही, कारण तोवर 'बसलेले' उठत नाहीत. खरा धोका या रिकाम्या पोटी थांबण्याच्या वेळेत आहे.

यावरचा उपाय मला माझ्या आत्येने दिला. "पोरांच्या पंगतीला बस रे," म्हणाली. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची पंगत आधी बसते. पहिल्या वर्षी लाजलो, पन्नाशीचा माणूस मांडीला मांडी लावून पोरांत बसलेला. पण मटण गरम मिळतं, नळी मिळते, आणि साडेनऊला हात धुऊन मोकळं होता येतं. पोपटीला मी मडकं फुटायच्या वेळेलाच पोचतो.

जाताना घरून खाऊन जा. आपली गाडी किंवा आपली रिक्षा, म्हणजे दुसऱ्याच्या उठण्यावर अवलंबून नाही. हातात सतत काहीतरी भरलेलं असू दे. आग्रह झाला तर 'घेत नाही' एवढंच. कारणं दिली की समोरचा कारणाशी भांडत बसतो. अगदीच गळ्यात पडला तर 'गोळ्या चालू आहेत'. आणि पहिल्या वर्षी अशी कार्यक्रमं चुकवली तर कोणाचं लग्न मोडत नाही.

गटारीला मी कुठेच जात नाही. ती आषाढातली अमावस्या मुळात दिव्यांची. घरातली समई, निरांजनं, कंदील काढून चिंचेने घासतो, आणि आई कणकेचे गोड दिवे उकडते. तुपात बुडवून चार दिवे खाल्ले की संध्याकाळ सरते.

पायरी ८: पदार्थ परत ताटात आणताना

घाई नको. मी वर्षभर थांबलो. मग सुकट परत आली ती दुपारी, मोठ्या ताटात, तांदळाच्या भाकरीसोबत, सगळे बसलेले असताना. नुसती नाही, कांदा-टोमॅटोत परतलेली. पहिल्या घासाला छातीत धडधडलं, तिसऱ्याला ती नुसती सुकट झाली. शेंगदाणे असेच आणता येतात: आधी खिचडीत, कुटात, लाडवात, आणि शेवटी मुठीत. एका वेळी एकच जिन्नस, पोट भरलेलं असताना, एकटं नसताना. छातीतली धडधड पाचव्या घासालाही तशीच असेल तर ताट सरकवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

काही गोष्टी परत येतही नाहीत. मसाला पापड मी अजून खात नाही. नऊ वर्षं झाली. साधा पापड खातो, खिचडीबरोबर, पण कांदा-लिंबू घातलेला समोर आला की ताटली उचलून दुसरीकडे ठेवतो. त्यात कमीपणा वाटायचा, आता वाटत नाही.

आमच्याकडे अजूनही रविवारी बायको तवा ठेवायच्या आधी आतून विचारते, "भाजू का हो?" बहुतेक वेळा मी हो म्हणतो. मागच्या रविवारी रात्रभर झोप नव्हती, ऑफिसचं टेन्शन होतं. म्हटलं, आज नको. तिने डबा परत फळीवर ठेवला आणि अंड्याचं कालवण टाकलं.